पोकळ पाईपचा भरीव हिशेब

एकाच वेळी इतकी मापं अंगावर वागवणारी लोखंडी पाईपसारखी दुसरी वस्तू बाजारात नसावी. तो मागायचा इंचात, जाडी विचारायची गेजमध्ये, लांबी बोलायची फुटांत, बिलावर तो उतरतो मिलिमीटरमध्ये आणि पैसे मोजायचे किलोवर. त्यात कारागिराच्या तोंडी सूत असतं ते वेगळंच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती सळई म्हणजे बारा मिलिमीटरची, तीन सुती म्हणजे दहाची, हे ज्याला पाठ नाही त्याने हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढू नये. सुतावरून स्वर्ग गाठणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेतच. फॅब्रिकेटर निदान गच्चीपर्यंत तरी पोचतो.

मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे 1956 साली झाला. पुढच्या काही वर्षांत शेर, मण, पायली हळूहळू निवृत्त झाले. इंच मात्र पाईपच्या आत शिरून बसला आणि अजून बाहेर आलेला नाही.

आता हा इंच नेमका कुठे बसलाय ते शोधू. पाण्याच्या लाइनीला लागतो तो 'एक इंची' पाईप घ्या. बाहेरून मोजला तर तो 33.7 मिलिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ सव्वा इंच आणि वर थोडं. आतून मोजावा तर मधल्या दर्जाच्या पाईपचं पोट 27.3 मिलिमीटर निघतं, म्हणजे इंचाहून दोन मिलिमीटर जास्त. भिंतीची जाडी 3.2. थोडक्यात, एक इंची पाईपमध्ये एक इंच कुठेही नाही. दुकानदाराला हे दाखवलं तर तो तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतो. "नावाला एक इंच, साहेब," तो म्हणतो. या धंद्यातलं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य हेच.

दोष दुकानदाराचाही नाही. 1862 च्या सुमारास फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या कारखाना-अधीक्षकाने पाईपांच्या मापांची एक पद्धत बसवून दिली. त्या काळच्या पाईपाचं पोट नावाच्या जवळपास असे आणि भिंती चांगल्या जाड असत. पुढे पोलाद सुधारलं, भिंती पातळ करता आल्या. पण बाहेरचं माप बदललं असतं तर जगातले सगळे आटे, सॉकेट आणि एल्बो रातोरात भंगारात निघाले असते. म्हणून बाहेरचा घेर कायम ठेवला आणि आतली जागा वाढू दिली. नाव तेच राहिलं. पेशवाई बुडाली तरी वाड्याचं नाव पेशवे वाडाच राहतं, तसा हा प्रकार.

पाण्याच्या पाईपांमध्ये पुन्हा वर्ग आहेत. भारतीय मानक 1239 प्रमाणे हलका, मध्यम आणि जड असे तीन. हलक्याला पिवळा पट्टा, मध्यमला निळा, जडला लाल. बाजारात त्यांना ए, बी आणि सी क्लास म्हणतात. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की ए म्हणजे अव्वल आणि सी म्हणजे काठावर पास. पाईपांच्या दुनियेत सी सगळ्यांत दणकट आणि ए सगळ्यांत किरकोळ. 'आम्हाला ए क्लासच माल पाहिजे' असं ठणकावून सांगणारं गिऱ्हाईक आलं की दुकानातला पोऱ्या आनंदाने पिवळ्या पट्ट्याच्या ढिगाकडे धावतो. एक इंची पाईपचा ए क्लास मीटरला साधारण 2 किलो भरतो, बी 2.41 आणि सी 2.93. मागणाऱ्याचा रुबाब जितका वाढतो तितकं पाईपाचं वजन घटतं.

गेजचंही तेच. गेज वाढला की जाडी कमी होते. सोळा गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, अठरा गेज म्हणजे 1.2, वीस गेज म्हणजे 0.9. मुळात ही मोजणी तारेची. तार बारीक करायची तर ती एकामागोमाग एक छिद्रांतून ओढावी लागते. जितक्या वेळा ओढली तितका आकडा मोठा आणि तार तितकी बारीक. ब्रिटनने 1884 साली त्यातला एक तक्ता अधिकृत केला आणि तो बोटीत बसून आपल्याकडे आला. परिणामी आज सोसायटीच्या सभेत कुणीतरी उठून म्हणतो, "सोळा कशाला? खर्च करायचाच तर वीस गेज लावा!" आणि सभा टाळ्या वाजवते.

त्यावर बाजाराने आणखी एक शब्द काढला आहे: 'फुल गेज'. ज्या गावात दूधवाला 'शुद्ध दूध' अशी पाटी लावतो त्या गावात पाण्याची टंचाई नसते, हे आपण जाणतो. 'सोळा गेज द्या' म्हटल्यावर 'फुल की चालू?' असा प्रतिप्रश्न आला, की समजावं सोळाच्या आकड्यालाही पोट असतं आणि ते गरजेप्रमाणे आत ओढता येतं.

या सगळ्या गोंधळात गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी राहणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वजन. आणि वजनाचं गणित इतकं सोपं आहे की ते आपल्याला कुणी शाळेतच का शिकवलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. बहुधा गणिताच्या मास्तरांच्या घराचं ग्रिलही त्याच वेळी चाललं असावं.

पोलादाचा एक घनमीटर 7850 किलो भरतो. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पत्रा 7.85 किलोचा. बास, एवढंच भांडवल. बाजारातला बहुतेक पाईप मुळात सपाट पट्टीच असतो. कारखान्यात पत्र्याच्या गुंडाळीतून पट्टी कापतात, ती रोलरांमधून वळवत नेतात आणि दोन कडा भेटल्या की विजेने जोडून टाकतात. खात्री करायची असेल तर कापलेल्या तोंडातून आत बोट घाला. एका जागी बारीक वरंबा लागेल, तीच शिवण. शिवण सापडली की पाईप मनातल्या मनात उसवायचा आणि पुन्हा सपाट पट्टी करायची. पट्टीची रुंदी गुणिले जाडी गुणिले 7.85 केलं की वजन हातात.

प्रश्न येतो तो पट्टीच्या रुंदीचा. बाहेरचा घेर धरला तर पट्टी जास्त रुंद निघते, आतला धरला तर कमी. खरी रुंदी दोघांच्या मधोमध. म्हणून सूत्रात बाहेरच्या व्यासातून जाडी एकदाच वजा करतात, दोनदा नाही. व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले 0.02466, की मीटरचं वजन किलोत मिळतं. हा 0.02466 म्हणजे पाय आणि 7.85 यांचं अपत्य. तो लक्षात राहत नसेल तर गुणण्याऐवजी साडेचाळीसने भागा. 33.7 मधून 3.2 गेले, उरले 30.5, त्याला 3.2 ने गुणलं की 97.6, साडेचाळीसने भागलं की 2.41. निळ्या पट्ट्याच्या पाईपाच्या तक्त्यात हाच आकडा छापलेला असतो. जाडी वजा करायची विसरलात तर 2.66 येतात. मीटरमागे पाव किलो लोखंड नुसत्या विसराळूपणातून तयार होतं. असा कारखाना दुसरा नाही.

भरीव सळईचं सूत्र याहून प्रसिद्ध आहे: व्यासाचा वर्ग भागिले 162. सिव्हिलच्या कुठल्याही इंजिनिअरला झोपेतून उठवून विचारा. लग्नाची तारीख आठवायला तो वेळ घेईल, पण 162 चटकन सांगेल. जालन्याच्या गिरण्यांतून निघालेल्या सळयांच्या गाड्यांच्या गाड्या बांधकामांवर याच आकड्याने मोजून घेतल्या जातात. गंमत म्हणजे पाईपाचे साडेचाळीस हे याच 162 चे चौथाई. दोघांचं कुळ एक, फक्त एकाने पोट रिकामं ठेवलं.

चौकोनी पाईपाला घेर काढायला पाय लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. चार बाजूंची बेरीज करा, कोपऱ्यांत दोनदा मोजलं गेलेलं लोखंड वजा करा, जाडीने आणि 7.85 ने गुणा, झालं. पन्नास बाय पन्नास, चार मिलिमीटर जाडीचा पाईप घेतला तर हा हिशेब मीटरला 5.78 किलो सांगतो. तक्ता मात्र 5.45 म्हणतो. उरलेलं लोखंड कुठे गेलं? कोपऱ्यांत. म्हणजे खरं तर कोपऱ्यांत ते नव्हतंच. पट्टी वळवताना कोपरा काटकोनात मोडत नाही, गोल होतो. आपल्या कागदावरचे चार टोकदार कोपरे कारखान्यात कधी जन्मलेलेच नसतात. सहा मीटरच्या एका लेंथमध्ये या न जन्मलेल्या कोपऱ्यांचं वजन दोन किलो होतं. कागदी वजनावर बिल झालं, तर दोन किलो कोपऱ्यांचे पैसे आपण देतो आणि घरी आणतो ती गोलाई.

लेंथचीही एक कथा आहे. मिस्त्री तिला 'वीस फुटी' म्हणतो. ती असते सहा मीटरची, म्हणजे एकोणीस फूट आठ इंच. प्रत्येक लेंथमागे जवळजवळ चार इंच नुसते बोलण्यात जातात. चोवीस लेंथ घेतल्या तर साडेसात फूट पाईप केवळ संभाषणात असतो आणि गच्चीवर चढत नाही.

आमच्या आत्याने या विषयाला एकदाच हात घातला. मी कागदावर आकडे मांडत बसलो होतो. तिने पाईपाचा तुकडा उचलला, डोळ्याला लावून खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "अरे, आतून रिकामाच आहे की. मग आख्खा भरीव गज घेतला तर मजबूत नाही का? फसवतात तुम्हाला."

प्रश्न चोख होता. गॅलिलिओलाही तो पडला होता. 1638 साली छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात पक्ष्यांची हाडं आणि बोरूच्या काड्या पोकळ असून इतक्या दणकट कशा, याचा विचार केलेला आहे. वाकवताना मधलं लोखंड जवळपास बसून असतं आणि कडेचं राबतं. 33.7 मिलिमीटरचा भरीव गज मीटरला 7 किलो भरतो आणि तेवढाच पाईप 2.41, म्हणजे तिसऱ्या हिश्शाला थोडा वर. पण वाकण्याला विरोध तो गजाच्या 57 टक्के करतो. एक तृतीयांश पगारात अर्ध्याहून जास्त काम. मी हे आत्याला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे मधल्यांना काढून टाकलं तरी घर चालतं. हे आमच्या ऑफिसात कुणी ऐकायला हवं होतं." ती सरकारी खात्यातून निवृत्त झालेली आहे.

तर पोकळी फुकट असते आणि भिंतीचे पैसे पडतात. म्हणून सगळं भांडण भिंतीच्या जाडीवर. बाहेरचं माप डोळ्यांना दिसतं, तिथे कुणी खोटं बोलत नाही. दोन बाय एक इंचाचा पाईप पन्नास बाय पंचवीसचाच येतो. 1.6 जाडीचा असेल तर कोपऱ्यांची गोलाई धरून लेंथ साडेदहा किलो भरते. 1.2 चा असेल तर आठ किलो. रंग मारल्यावर दोघे जुळे भाऊ. व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेलात तर दुकानदार हसत तोंड पुढे करतो, म्हणजे पाईपाचं. कापलेल्या तोंडाला बारीक कुसळं आलेली असतात. कॅलिपरचा जबडा त्यांच्यावर बसला की 1.2 सुद्धा गुबगुबीत दिसतो. आधी कानस फिरवायची, मग मोजायचं. त्यापेक्षा लेंथ उचलून काट्यावर टाकणं सोपं, कारण काट्याला कुसळं कळत नाहीत.

मोठ्या काट्याची गोष्ट वेगळी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल उचलला की गाडी वजनकाट्यावर जाते, आधी रिकामी, मग भरलेली. रिकाम्या वेळी ड्रायव्हर चहाला उतरलेला असतो आणि भरल्या वेळी क्लीनरसह आत बसलेला असतो, असे योग पुष्कळदा जुळून येतात. पावसाळ्यात ताडपत्रीवरचं पाणीही लोखंडाच्या भावाने विकलं जातं. म्हणून जाणकार माणूस काट्याच्या चिठ्ठीशेजारी तक्त्याप्रमाणे काढलेलं वजन लिहितो आणि दोन आकड्यांकडे आळीपाळीने बघत राहतो. दोघांत थोडा फरक राहणारच. कारखान्याला जाडीत थोडी सूट मानकानेच दिलेली आहे. ती सूट दोन्ही बाजूंना असते, पण मोठ्या आकड्याकडे जाताना तिला क्वचितच पाहिलेलं आहे.

एवढं झाल्यावर खरा मुद्दा. पाईपाचं वजन पाईपावर जितकं अवलंबून असतं, त्याहून जास्त ते भाव कशावर ठरला यावर असतं. मिस्त्रीशी चौरस फुटावर बोलणं झालं की त्याची सौंदर्यदृष्टी जागी होते. "नाजूक दिसलं पाहिजे, साहेब. उगाच लोखंड लादून उपयोग नाही." तोच भाव किलोवर ठरला की त्याला तुमच्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेचा कळवळा येतो. "इथं तीन मिलिमीटरच हवा. वारा बघा केवढा!" कठडा तोच, गच्ची तीच, वाराही तोच. फक्त भाव कशावर हे बदललं आणि माणूस कवीचा पहिलवान झाला. एकरकमी ठेका दिला तर तो तत्त्वज्ञ होतो आणि सांगतो की शेवटी सगळं लोखंड गंजणारच.

आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या कठड्याचा ठेका किलोवर ठरला. मिस्त्रीने भिंतीवरच खडूने हिशेब मांडला: दोन बाय एकच्या चोवीस लेंथ, लेंथ बारा किलोची, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी, वर बारा किलो वेस्टेज, तीनशे किलो. मजुरी आणि रंगासकट किलोला 105 रुपये. एकतीस हजार पाचशे.

कमिटीने मला पुढे केलं, कारण माझ्याकडे सूत्र होतं. मी कागद काढला. दोन बाय एक, सोळा गेज, कोपरे वजा जाता लेंथ साडेदहा किलोची. चोवीस लेंथ म्हणजे दोनशे बावन्न. तीनशे येतात कुठून? शिवाय तुकडे तुमच्याच टेम्पोतून परत जाणार, मग वेस्टेज आमच्या माथी का? सेक्रेटरींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सोसायटीला स्वातंत्र्य मिळवून दिलं आहे. खजिनदार अठ्ठेचाळीस किलोंची बचत कॅल्क्युलेटरवर करू लागले.

मिस्त्रीने कागद घेतला. वरून खालपर्यंत वाचला. 'कोपरे वजा' या ओळीवर अंगठा ठेवून क्षणभर थांबला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दोनशे बावन्नच भरेल. काट्यावर घालून देतो."

सभेत समाधान पसरलं.

"मग रेट एकशे पंचवीस पडेल."

"का? आता तर एकशे पाच सांगितलात!"

"साहेब, एकशे पाचचा रेट तीनशे किलोचा होता."

खजिनदारांनी 252 ला 125 ने गुणलं. मग पुन्हा एकदा गुणलं. उत्तर दोन्ही वेळा एकतीस हजार पाचशे आलं. या वेळी मिस्त्रीने पेन किंवा खडू यांपैकी कशालाही हात लावला नव्हता.

"सूत्र तुमचं चांगलं आहे," कागद परत देत तो म्हणाला. "पण आम्ही आधी आकडा ठरवतो, वजन नंतर काढतो."